फिरत्या घरांचा महाराजा

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अनेकांना ती परदेशातून आणलेली नवी हौस वाटली. वास्तविक या कल्पनेची गरज आपल्याकडे कोठे आहे, हे पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गेले की चटकन लक्षात येते. जव्हार आणि मोखाडा हा सारा टापू पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. दाभोशाचा धबधबा आणि सूर्यमाळचे पठार पाहायला मुंबई-नाशिकची मंडळी जातात; परंतु पोशेऱ्यासारख्या गावाच्या आसपास रात्र काढायची ठरवली, तर शहरी माणसाला सोयीचा निवारा सहजी मिळत नाही. अशा ठिकाणी मोटारीमागे जोडून नेता येणारे घर, म्हणजे झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि पाण्याची टाकी असलेला ट्रेलर, हा मोठाच आधार ठरू शकतो.

अशा फिरत्या घराचे स्वप्न एका मराठी संस्थानिकाने नव्वद वर्षांपूर्वी पाहिले होते. ते नुसते पाहून तो थांबला नाही, तर बर्लिनच्या एका तरुण वास्तुशिल्पकाराकडून त्याने शिकारीच्या दौऱ्यांसाठी कॅरॅव्हॅनचा आराखडा करून घेतला. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे, हे ते संस्थानिक. त्यांचे नाव आज कलेच्या लिलावांत आणि जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत जितके घेतले जाते, तितके मराठी वाचकांत घेतले जात नाही.

होळकर घराण्याला फिरते घर नवे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव हे नीरा नदीकाठच्या होळ गावचे. त्यांचे बालपण खानदेशात तळोद्याला मामांच्या घरी मेंढरांमागे गेले. धनगराचा वाडा म्हणजे चार भिंतींचे बांधकाम नव्हे. घोड्याच्या पाठीवर संसार, पुढे कळप, मागे बायकामुले, आणि जिथे चारा तिथे मुक्काम, असे ते घर. पुढे मल्हारराव पेशव्यांचे सरदार झाले तरी आयुष्याची रीत फारशी बदलली नाही. मेंढवाड्याच्या जागी फौजेची छावणी आली, एवढेच. अहिल्याबाईंनी महेश्वरला नर्मदाकाठी घराण्याला स्थैर्य दिले. पहिल्या यशवंतरावांनी मात्र इंग्रजांशी झुंजताना पुन्हा घोड्यावरच आयुष्य काढले. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाली आणि घराणे एका जागी बसले. तरी चाकांचे वेड गेले नाही. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ही त्या काळी थोडीथोडकी रक्कम नव्हती.

दुसऱ्या यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदुरात झाला. गादी त्यांच्याकडे आली ती मात्र एका अप्रिय घटनेमुळे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम ही पूर्वी इंदूर दरबारात नर्तकी होती. प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचल्याने वडील तिसरे तुकोजीराव यांना १९२६च्या फेब्रुवारीत गादी सोडावी लागली. सतरा वर्षांचा मुलगा महाराजा झाला, पण अज्ञान असल्याने कारभार मंत्रिमंडळाकडे राहिला आणि त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला ठेवण्यात आले. चार्टरहाउस शाळा, मग ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च महाविद्यालय. विवाह त्याआधीच, १९२४ साली, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगितादेवींशी झालेला होता. त्या वेळी वधू अवघी दहा वर्षांची होती.

ज्या वयात राजपुत्राने दरबारी रीतिरिवाज शिकायचे, त्या वयात हा उंच, सडपातळ, अबोल तरुण युरोपातील चित्रकार आणि शिल्पकारांच्या कार्यशाळांत वावरत होता. त्याचे शिक्षक डॉ. मार्सेल हार्डी यांनी त्याची ओळख आंरी-पिएर रोशे या कलासंग्राहकाशी करून दिली आणि रोशेने त्याच्यापुढे पॅरिसचे आधुनिक कलाविश्व उघडले. ऑक्सफर्डलाच त्याची गाठ एकार्ट मुथेसियुसशी पडली. एकार्ट हा जर्मन वास्तुशिल्पकार हर्मान मुथेसियुस यांचा मुलगा. महाराजांपेक्षा तो चार वर्षांनी मोठा होता. या मैत्रीतून इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला.

९ मे १९३० रोजी यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच सुमारास माणिकबागेचे काम सुरू झाले. घुमट, कमानी, झुंबरे यांना तेथे स्थान नव्हते. सरळ रेषा, धातूची तावदाने आणि उष्णता थोपवणारी यंत्रणा असा सगळा साज होता. फर्निचरचा मोठा भाग युरोपात तयार होऊन जहाजाने आला. रूलमानचे टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्बुझिए व शार्लोत पेरियाँ यांची पहुडण्याची खुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी केलेले धातू आणि काचेचे पलंग, इव्हान द सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे अशी ती यादी आज वाचली तरी संग्रहालयांचे अधिकारी हळहळतात. घरातील प्रत्येक वस्तू हलकी, सुटसुटीत, उचलून नेता येईल अशी होती. वाडा जमिनीवर बांधलेला खरा, पण त्याचा आतला स्वभाव जहाजाचा किंवा रेल्वेच्या डब्याचा होता, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

म्हणूनच वाड्यानंतर मुथेसियुसला मिळालेली कामे पाहून नवल वाटत नाही. महाराजांसाठी त्याने रेल्वेच्या खास डब्याची, विमानाच्या आतील रचनेची, बोटीची आणि शिकारीच्या कॅरॅव्हॅनची रेखाटने केली. एकाच घराची ही चार रूपे होती: रुळांवरचे, आकाशातले, पाण्यावरचे आणि रस्त्यावरचे. यांपैकी रस्त्यावरच्या रूपाचा विचार थोडा सविस्तर करण्यासारखा आहे, कारण रेल्वेचा डबा आणि विमान आजही राजेरजवाड्यांचीच गोष्ट आहे, कॅरॅव्हॅन मात्र आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्याकडे सरकते आहे.

हौसेखातर घर ओढत नेण्याची कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी खास फिरण्यासाठी बनवून घेतली आणि तीतून तो थेट इनव्हर्नेसपर्यंत गेला. फिरस्त्या जमातींचे घर सुखवस्तू माणसाने आवडीने स्वीकारल्याचे ते ठळक उदाहरण. १९०७ साली इंग्लंडात कॅरॅव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि तिसाव्या दशकात अमेरिकेत तर या गाड्यांचे पेवच फुटले. वॉली बायमची अॅल्युमिनिअमच्या पत्र्याची, विमानाच्या अंगकाठीची ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही गाडी १९३६ साली आली. म्हणजे इंदूरचे महाराजा काळाच्या मागे नव्हते आणि फार पुढेही नव्हते. ते जगाच्या बरोबरीने चालले होते, आणि संस्थानिकाच्या बाबतीत हीच गोष्ट दुर्मीळ होती.

शिकारीच्या जुन्या दौऱ्याची कल्पना असल्याशिवाय कॅरॅव्हॅनचे महत्त्व कळणार नाही. मोगलाईपासून चालत आलेली रीत अशी, की तंबूंचे दोन संच ठेवायचे. एका संचात स्वारी मुक्काम करी, तेव्हा दुसरा पेशखाना म्हणून पुढच्या मुक्कामी रवाना होई. उंट, हत्ती, बैलगाड्या, खलाशी, भिस्ती, आचारी असा शेकडो माणसांचा काफिला एका माणसाच्या झोपेसाठी रात्रभर चाले. वाटेवरच्या गावांना त्याचा जाच होई तो निराळाच. वेठ, चारा, दूध, कोंबड्या यांची मागणी रयतेकडूनच पुरी व्हायची. त्या तुलनेत मोटारीमागे जोडलेल्या एका खोलीत राजाचा सगळा मुक्काम मावणे, ही कल्पना आधुनिक तर होतीच, पण नकळत रयतेच्या सोयीचीही होती. अर्थात नोकरचाकर, बंदुका आणि हाकारे करणारी माणसे याही दौऱ्यात लागणारच होती. कॅरॅव्हॅनमुळे राजा साधा होत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अशी गाडी बाळगणे हे मोटार बाळगण्याहून वेगळे शास्त्र आहे. तिला स्वतःचे इंजिन नसते. पुढच्या दांड्याच्या टोकाला वाटीसारखी खोबण असते, ती ओढणाऱ्या मोटारीच्या मागील गोळ्यावर बसते आणि या एका सांध्यावर सारा प्रवास अवलंबून राहतो. खेड्यातल्या गाडीवानाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला, तर त्यांच्या मानेवर ओझे येते. ट्रेलरचे नेमके तसेच आहे. वजन मागे गेले की तो वेगात शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो आणि पुढच्या मोटारीलाही भोवंडून टाकतो. वजन पुढे जास्त झाले, तर मोटारीचा मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. म्हणून पाण्याची टाकी, शिधा, बंदुकांच्या पेट्या अशा जड वस्तू आसाच्या जवळपास आणि तळाशी, पण किंचित पुढच्या बाजूला झुकत्या मापाने ठेवाव्या लागतात.

उतारावर खरी परीक्षा होते. इंदूरहून मुंबईकडे निघाले, की महूच्या पुढे विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात यावे लागते. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या घाटवळणांवरही तोच अनुभव येईल. चढावर ट्रेलर मागे ओढतो, उतारावर तोच मागून रेटा देतो. त्या काळच्या अनेक कॅरॅव्हॅनमध्ये यासाठी एक साधी पण हुशार सोय असे. मोटारीचा वेग कमी झाला की मागून येणारी गाडी सांध्यातील दांडा आत ढकली आणि त्या दाबानेच तिचे स्वतःचे ब्रेक लागत. तरीही घाटमाथ्यावरच हलका गिअर टाकून उतरावे, ब्रेकवर पाय ठेवून राहू नये, हा नियम तेव्हा होता आणि आजही आहे. वळण घेताना ट्रेलर मोटारीच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने वळण कापतो, म्हणून चालकाला अधिक बाहेरून वळावे लागते. गाडी मागे घेताना सुकाणू उलटे फिरवायचे, हे तर भल्याभल्यांना पहिल्या दिवशी साधत नाही. सांधा निसटलाच, तर गाडी रस्त्यावर मोकळी सुटू नये म्हणून साखळीही जोडावी लागते.

देखभालीचे गणितही मालकाला चकवणारे असते. मोटार रोज वापरली जाते, म्हणून तिची दुखणी लगेच कळतात. कॅरॅव्हॅन वर्षातले कित्येक महिने उभीच असते. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर उन्हाने तडकलेले असते. चाकांच्या बेअरिंगमधले वंगण सुकते. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला असेल, तर माळव्याच्या उन्हाळ्यात लाकूड आटते, पावसाळ्यात फुगते, खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी भिंत आतून कुजत जाते. धातूच्या हलक्या बांधणीकडे तिसाव्या दशकातले कारागीर वळले, त्यामागे केवळ शोभा नव्हती. मुथेसियुसला धातू आणि काचेचे जे प्रेम होते, त्याला रस्त्यावर व्यावहारिक अर्थही होता.

महाराजांकडे ही देखभाल करण्याइतके मनुष्यबळ होते. त्यांचा मोटारखाना देशातील नामांकित मोटारखान्यांत गणला जाई. अल्फा रोमिओ, बेंटले, बुगाती, लागोंडा अशा गाड्या त्यात येऊन गेल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली अमेरिकन ड्युसेनबर्ग. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने केशरी आणि काळ्या रंगाचे दोन माणसांचे सडसडीत शरीर चढवले. ही गाडी घेतली, आणि १९३७ साली ड्युसेनबर्ग कंपनीच बंद पडली. इतक्या दूरच्या, बंद पडलेल्या कारखान्याचे वाहन चालते ठेवणे म्हणजे एकेक सुटा भाग मिळवण्यासाठी समुद्रापार पत्रव्यवहार करणे. हौशी मालकाच्या मागे न दिसणारे मिस्त्री किती राबत असतील, याचा विचार अशा मोटारींवरच्या देखण्या पुस्तकांत क्वचितच येतो.

१९३७ हे साल महाराजांच्या आयुष्यात दुभंग पाडून गेले. त्या वर्षी जुलै महिन्यात संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. वय फक्त बावीस. मॅन रेने टिपलेल्या छायाचित्रांत हे जोडपे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून हसताना दिसते. त्या हसण्यात दरबाराचा मागमूस नाही. मागे उरली १९३३ साली जन्मलेली उषा ही मुलगी. यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुशीकडून ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे घेतली होती, एक ब्राँझचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. ते पाहण्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८च्या हिवाळ्यात इंदूरला आलाही. पण यजमानांची भेट झाली नाही आणि तो परतला. मंदिर झाले नाही. ज्याने चाकांवरच्या इतक्या खोल्या कल्पिल्या, त्याची एका जागी शांत बसण्याची खोली तेवढी कागदावर राहिली.

त्यानंतरची वर्षे बरीचशी परदेशात, विशेषतः अमेरिकेत गेली. १९३८ साली मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी त्यांनी विवाह केला. तो १९४३ साली मोडला आणि त्याच वर्षी युफेमिया वॅट क्रेन यांच्याशी तिसरा विवाह झाला. १९४४ साली मुलगा रिचर्ड शिवाजीराव जन्मला. राजा बाहेर आणि राज्य मंत्र्यांच्या हाती, हे दृश्य ना इंग्रज अधिकाऱ्यांना आवडणारे होते, ना प्रजेला. संस्थानी प्रजेच्या चळवळी जोर धरत असताना विदेशी फर्निचर आणि मोटारींवरचा खर्च डोळ्यांत भरणारच होता. कलाप्रेमाच्या कौतुकात ही बाजू झाकून टाकणे अन्यायाचे होईल. तो पैसा अखेर माळव्याच्या काळ्या मातीतून आलेला होता.

पण त्यांना केवळ चैनी ठरवणेही तितकेच सोपे आणि तितकेच चुकीचे आहे. अस्पृश्य मानलेल्यांसाठी संस्थानातील मंदिरे खुली करणाऱ्या राजांत त्यांची गणना होते. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. एका संस्थानिकाने साम्राज्याच्या डोक्यावरून परक्या राष्ट्राध्यक्षाला साद घालावी, हे दिल्लीला अर्थातच रुचले नाही आणि महाराजांना पाऊल मागे घ्यावे लागले. क्रिकेटच्या वाचकांना तर वेगळे सांगायला नको. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. संघाच्या पाठीशी उभे राहणाऱ्या दरबाराचे हे धनी होते.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्याच वर्षी तिकडे जव्हारचे आदिवासी मुकणे संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झाले. तेथील शेवटच्या राजाचे नावही योगायोगाने यशवंतरावच, आणि त्यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी केली होती. मात्र जव्हारच्या यशवंतरावांचा दगडी जयविलास आजही पर्यटकांना दिसतो. इंदूरच्या यशवंतरावांनी मध्य भारताचे उपराजप्रमुख म्हणून १९५६पर्यंत पद सांभाळले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न. वारसाचा प्रश्न निघाला तेव्हा परदेशी मातेच्या मुलाऐवजी भारत सरकारने उषादेवींना वारस म्हणून मान्यता दिली.

घर आणि सामान यांची पुढे ताटातूट झाली. ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले. माणिकबागेतील फर्निचर १९८०च्या मे महिन्यात मोनाकोत लिलावाला निघाले आणि जगभरच्या संग्राहकांत वाटले गेले. ड्युसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती गेली. माणिकबागेची इमारत सरकारकडे आली. आज तेथे केंद्रीय वस्तू व सेवा कर विभागाचे कार्यालय आहे, आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला महाराजांच्या नावाने उभ्या असलेल्या एम. वाय. रुग्णालयात माळवा-निमाडच्या खेड्यांतून रोज रुग्ण येतात.